कॅस्कॅस्किया

कॅस्कॅस्किया : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्याची पहिली राजधानी, आज त्याच राज्यातील सर्वांत लहान गावांपैकी एक. लोकसंख्या २१ (२०२०). गाव रँडॉल्फ काउंटीत मोडते. राज्याची जवळपास सगळी भूमी मिसिसिपी नदीच्या पूर्वेस असली, तरी हे गाव आता नदीच्या पश्चिमेस आहे. तेथे जाण्यासाठी मिझूरी राज्यातील सेंट मेरी गावाकडून नदीच्या जुन्या पात्रावरचा पूल ओलांडावा लागतो. कॅस्कॅस्किया हे नाव मूळचे इलिनॉय संघातील एका आदिवासी जमातीचे. त्याच नावाची नदी येथे मिसिसिपीला मिळते. फ्रेंच वसाहतकार या जमातीचा ‘का’ असा तोडका उल्लेख करीत, त्यावरून नदीला ‘ओकॉ’ हे दुसरे नाव पडले.

स्थापनेच्या वर्षाबाबत जुन्या ग्रंथांत एकवाक्यता नाही. कोणी १६७५, कोणी १६८० नंतरचे दशक, तर कोणी १७०० हे वर्ष देतात. हा घोळ मुख्यत्वे नावामुळे झाला आहे. झाक मार्केत या जेझुइट धर्मोपदेशकाने १६७५ मध्ये इलिनॉय नदीच्या वरच्या टापूत, कॅस्कॅस्किया जमातीच्या मोठ्या गावात, ‘निष्कलंक गर्भसंभव’ (मेरी मातेविषयीचे कॅथलिक तत्त्व) या नावाने धर्मकेंद्र सुरू केले. जमात हलली तसे केंद्रही हलत गेले : आधी पिओरिया सरोवराकाठी, १७०० मध्ये आजच्या सेंट लूइसजवळ दे पेर नदीच्या मुखाशी आणि १७०३ मध्ये मिसिसिपी व कॅस्कॅस्किया या नद्यांमधील सुपीक गाळाच्या दुआबात. केंद्राचे आणि जमातीचे नाव प्रत्येक मुक्कामी तेच राहिले. बाप्तिस्म्यांची वहीदेखील सोबत नेली गेली. या वहीतील पहिली नोंद १६९५ ची आहे. मिशेल आको हा फ्रेंच व्यापारी आणि जमातप्रमुख रुआन्सा याची कन्या मारी यांच्या मुलाच्या बाप्तिस्म्याची ती नोंद पिओरिया येथील मुक्कामात झालेली आहे. वहीतील पहिले वर्ष हेच गावाचे पहिले वर्ष मानण्याची चूक त्यामुळे सहज होते. धर्मकेंद्राचा इतिहास आणि या जागेचा इतिहास वेगळा ठेवल्यास १७०३ हेच वर्ष ग्राह्य ठरते. फ्रेंच वस्ती आणि आदिवासी गाव एकमेकांपासून वेगळे करण्यात आले ते १७१९ च्या सुमारास. फ्रेंच खेडे म्हणून गावाची घडण तेव्हापासूनची धरावी, असेही एक मत आहे व ते अगदीच डावलता येत नाही. मारी रुआन्सा १७२५ मध्ये वारली. तिला येथील चर्चमध्येच पुरण्यात आले.

गावाची भरभराट गव्हावर झाली. नदीपासून आत जाणाऱ्या अरुंद, लांबच लांब पट्ट्यांची शेती, सामाईक गायरान आणि जमिनीत उभे ओंडके रोवून बांधलेली घरे ही येथील फ्रेंच वस्तीची खूण होती. पीठ आणि खारवलेले मांस प्रवाहाबरोबर न्यू ऑर्लीन्सला जाई. परतीची वाट प्रवाहाविरुद्ध असल्याने तिला तीन ते चार महिने लागत. या समृद्धीत गुलामांच्या श्रमाचा वाटा फार मोठा होता, हे स्पष्ट नोंदवले पाहिजे : आफ्रिकी आणि आदिवासी अशा दोन्ही वंशांचे गुलाम येथे होते. ओहायओ नदीच्या उत्तरेकडील तत्कालीन अमेरिकी ‘वायव्य प्रदेशा’त (इलिनॉय त्यातच मोडे) गुलामगिरीला बंदी करणाऱ्या १७८७ च्या वटहुकमानंतरही जुन्या फ्रेंच रहिवाशांकडचे गुलाम मुक्त झाले नाहीत.

१७६३ च्या पॅरिस तहाने हा टापू ब्रिटिशांकडे गेला आणि अनेक फ्रेंच कुटुंबे नदीपलीकडे सेंट जेनेव्हीव्ह येथे जाऊन राहिली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ४ जुलै १७७८ च्या रात्री अमेरिकी सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्कने सु. १७५ माणसांनिशी गोळी न झाडता गाव घेतले. १८०९ मध्ये ते इलिनॉय प्रदेशाचे मुख्य ठाणे झाले. राज्यातले पहिले वृत्तपत्र १८१४ मध्ये येथेच निघाले आणि ३ डिसेंबर १८१८ रोजी राज्याची स्थापना झाली तेव्हा राजधानीचा मान गावाला मिळाला. ऐन भराच्या काळात लोकसंख्या ७,००० होती, असे पुष्कळदा लिहिले जाते. फ्रेंच अमदानीतील गणतींचे आकडे शेकड्यांत आहेत, हे पाहता तो आकडा जपून घ्यावा.

नदीने राजधानी गिळली, ही लोकप्रिय मांडणी कालानुक्रमाशी जुळत नाही. राजधानी १८२० मध्येच व्हँडेलियाला गेली. १८४४ च्या महापुरात गावाचा बराच भाग वाहून गेला आणि काउंटीचे ठाणेही १८४८ च्या सुमारास चेस्टरला हलले. मिसिसिपीने पात्र बदलले ते १८८१ मध्ये. त्या वर्षी एप्रिलच्या पुरात तिने गावाच्या उत्तरेची अरुंद पट्टी फोडली, कॅस्कॅस्किया नदीचे शेवटचे काही किमी. लांबीचे पात्र आपलेसे केले आणि गाव दोन पात्रांच्या मधोमध बेटासारखे उरले. छोट्या नदीच्या पात्रात मोठ्या नदीचे पाणी मावेना. काठ खचत गेला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत जुने गाव जवळजवळ सगळे नदीत गेले. १८९० नंतर तीन हजारांवर मृतांचे अवशेष उकरून पूर्वेकडील गॅरिसन टेकडीवर नेण्यात आले. चर्चही १८९३ मध्ये बेटावरच्या नव्या वस्तीत, म्हणजे आजच्या गावात, हलवले गेले.

नदी अशी का वागली, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो गाळाच्या मैदानातील नदीचा स्वभावच मानतात. काठ मोकळे झाल्याचा परिणाम, असे दुसरे मत आहे : आगबोटींच्या बंबांना लाकूड लागे, त्यासाठी काठावरची झाडी मैलोगणती तुटली आणि मुळांचा आधार गेल्याने माती ढासळू लागली. नदीचे पात्र एकोणिसाव्या शतकात रुंद व उथळ झाले, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक पटते. मात्र एकट्या कारणाने इतका मोठा बदल झाला असेल असे नाही. एका पाद्र्याच्या अथवा आदिवासी प्रियकराच्या शापाने गाव बुडाले, ही दंतकथा अनेक रूपांत सांगतात.

जुन्या गावाची हाती लागणारी वस्तू म्हणजे चर्चची घंटा. ती फ्रान्समधील ला रोशेल येथे १७४१ मध्ये ओतली गेली. पंधराव्या लुईने ती दिली अशी परंपरा असून, ‘इलिनॉयच्या चर्चसाठी, पाण्यापलीकडच्या राजाकडून’ अशा अर्थाचा फ्रेंच लेख तिच्यावर आहे. १७७८ मध्ये गाव घेतल्यावर तीच वाजवली गेली, म्हणून तिला ‘पश्चिमेची स्वातंत्र्यघंटा’ म्हणतात. आज ती तडकलेली आहे आणि चर्चशेजारच्या लहानशा विटांच्या इमारतीत ठेवली आहे.

पात्र बदलले तरी राज्याची सीमा जुन्या पात्रानेच राहिली. त्यामुळे गाव इलिनॉयमध्येच आहे. १९९३ च्या महापुरात बांध फुटून सगळे बेट पाण्याखाली गेले. २००० च्या जनगणनेत येथे ९ माणसे होती.