रॉबिन्सन क्रूसो : चिकाटी आणि स्वहित

डॅन्येल डीफो (सु. १६६०–१७३१) या इंग्रज लेखकाच्या 'रॉबिन्सन क्रूसो' (लंडन, २५ एप्रिल १७१९) या कादंबरीतील, एकमेकांत गुंतलेली दोन सूत्रे. गलबत फुटल्यावर निर्जन बेटावर एकटा पडलेला माणूस नेटाने जगतो, ही कथा सर्वपरिचित आहे आणि मुलांसाठी केलेल्या संक्षेपांत बहुधा तेवढीच उरते. मूळ ग्रंथात क्रूसोचा नेट आणि त्याची नफ्यातोट्यावरची नजर ही एकाच स्वभावाची अंगे आहेत. 'स्वार्थ' या मराठी शब्दाला दूषणाचा वास असल्याने येथे 'स्वहित' हा सौम्य शब्द योजला आहे. काही प्रसंगी तो फारच सौम्य ठरतो.

कथाबीज कोठून आले याविषयी एकमत नाही. सर्वांत आधी नाव घेतले जाते ते स्कॉटलंडमधील लोअर लार्गोचा खलाशी अलेक्झांडर सेलकर्क (१६७६–१७२१) याचे. 'सिंक पोर्ट्स' हे गलबत पुढचा प्रवास सोसणार नाही, यावरून कप्तानाशी त्याचे वाजले आणि १७०४ च्या उत्तरार्धात तो पॅसिफिकमधील हुआन फर्नांडेझ द्वीपसमूहातल्या मास आ त्येरा बेटावर मागे राहिला. (गलबताबद्दलचा त्याचा अंदाज पुढे खरा ठरला.) फेब्रुवारी १७०९ मध्ये वुड्झ रॉजर्स या इंग्रज कप्तानाच्या मोहिमेने त्याची सुटका केली. रॉजर्सचे प्रवासवर्णन १७१२ मध्ये आणि सेलकर्कवरचा निबंधकार रिचर्ड स्टीलचा लेख डिसेंबर १७१३ मध्ये छापला गेला; डीफोने हे दोन्ही पाहिले असण्याचा संभव बराच आहे. बकऱ्यांच्या कातड्याचे कपडे, माणसाळवलेली जनावरे, बायबलचे वाचन हे तपशील जुळतात. मात्र सेलकर्कचा एकांत सव्वाचार वर्षांच्या थोडा पुढे जातो, क्रूसोचा पाव शतकाहून मोठा आहे. क्रूसोचे बेटही पॅसिफिकमध्ये नसून दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीच्या मुखाजवळ कल्पिलेले आहे. शिवाय रॉजर्सला भेटलेला सेलकर्क बोलणे जवळजवळ विसरला होता, अर्धेमुर्धे शब्द उच्चारत होता. साठा वाढवण्याची, कुंपणामागून कुंपण घालण्याची क्रूसोची हौस त्याच्यात दिसत नाही. चिलीने १९६६ मध्ये मास आ त्येराला रॉबिन्सन क्रूसोचे नाव दिले. त्यामुळे सेलकर्कचा दावा नकाशावर पक्का झाला, अभ्यासकांत तो तितका पक्का नाही.

दुसरा दावेदार इंग्रज खलाशी रॉबर्ट नॉक्स. १६६० मध्ये तो श्रीलंकेत कँडीच्या राजाच्या बंदिवासात पडला आणि १६७९ मध्ये निसटला. १६८१ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक डीफोला ठाऊक होते, याबद्दल शंका नाही. १७२० च्या 'कॅप्टन सिंगलटन'मध्ये त्याने नॉक्सची हकीकत वापरली आहे. बंदिवासात टोप्या विणून विकणारा, भात वाढीदिढीने देणारा नॉक्स वृत्तीने क्रूसोच्या बराच जवळ येतो. तिसरे नाव इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्याविरुद्धच्या मॉनमथच्या बंडात (१६८५) पकडला जाऊन बार्बाडोसला पाठवला गेलेला शल्यवैद्य हेन्री पिटमन याचे; त्याने आपल्या सुटकेची कहाणी १६८९ मध्ये छापली. खुद्द डीफोही त्या बंडात सामील होता, पण एवढ्यावरून फार काही सिद्ध होत नाही. बाराव्या शतकातील अरबी तत्त्वज्ञ इब्न तुफैलच्या 'हय्य इब्न यक्झान' या कथेचे इंग्रजी भाषांतर १७०८ मध्ये झाले होते, म्हणून तोही संबंध सुचवला जातो. त्यातला एकाकी नायक ज्ञानाच्या शोधात आहे, मालमत्तेच्या नव्हे. एकंदरीत निमित्त सेलकर्कचे आणि व्यवहारी स्वभाव नॉक्सचा व स्वतः लेखकाचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मोज्या-गंजिफ्रॉकांचा घाऊक व्यापारी असलेल्या डीफोचे १६९२ मध्ये सुमारे १७,००० पौंडांचे दिवाळे निघाले होते. त्यानंतर टिलबरी येथे काढलेला विटा-कौलांचा कारखाना १७०३ च्या तुरुंगवासात बुडाला.

कादंबरीतील कालगणनेत एक चूक आहे. क्रूसो ३० सप्टेंबर १६५९ रोजी बेटावर येतो, १९ डिसेंबर १६८६ रोजी ते सोडतो आणि मुक्काम २८ वर्षे, २ महिने, १९ दिवस झाला असे सांगतो. महिने व दिवस जुळतात, वर्षे २७ च भरतात. खांबावर रोज खाच पाडणाऱ्या माणसाचा हिशेब चुकावा, हे गमतीचे आहे. घाईने लिहिणाऱ्या लेखकाची ती चूक असावी.

चिकाटीची वर्णने आकड्यांनी भरलेली आहेत. एका फळीसाठी क्रूसोला ४२ दिवस लागतात. दोन करवतकरी त्याच झाडातून अर्ध्या दिवसात सहा फळ्या पाडतील, हेही तो लगेच नोंदवतो. श्रमाची किंमत बाजारभावाने मोजण्याची ही खोड बाजार नसलेल्या ठिकाणीही सुटत नाही. याला मोठा अपवाद पहिल्या होडीचा. बुंध्याशी ५ फूट १० इंच व्यासाचा देवदार तोडायला २० दिवस, फांद्या छाटायला १४ दिवस, बाहेरून आकार द्यायला महिना आणि आतून कोरायला तीन महिने जातात. २६ माणसे मावतील अशी होडी पाण्यापासून शंभर यार्डांवर पडून राहते, कारण ती हलवायची कशी याचा विचार आधी झालेला नसतो. कालवा खणायला १०–१२ वर्षे लागतील असा हिशेब तो होडी झाल्यावर करतो. पुढे लहान होडी करताना मात्र जवळजवळ दोन वर्षे खपून तो अर्धा मैल कालवा खणतो. हिशेबाविना केलेली मेहनत वाया जाते, असा या दोन होड्यांचा अर्थ लावता येतो.

क्रूसो आपल्या स्थितीचाही नावे आणि जमा अशा दोन रकान्यांत ताळेबंद मांडतो. फुटलेल्या गलबतावरच्या बाराव्या फेरीत त्याला सुमारे ३६ पौंडांची नाणी सापडतात. या ढिगापेक्षा एक सुरी मोलाची, असे तो पैशाला सुनावतो. मग पुन्हा विचार करून नाणी कापडात गुंडाळून बरोबर नेतो.

बेटापूर्वीची हकीकत संक्षेपांत बहुधा गाळली जाते, पण स्वहिताच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. मोरोक्कोतील साले बंदराच्या गुलामगिरीतून झूरी या मुलासह पळाल्यावर क्रूसो त्यालाच ६० स्पॅनिश रौप्य नाण्यांना पोर्तुगीज कप्तानाच्या हवाली करतो. मुलगा ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी मोकळा, अशी अट असते. क्रूसोला पुढे पश्चात्ताप होतो तो ब्राझीलमधल्या मळ्यावर माणसे कमी पडू लागल्यावर. ज्या सफरीत गलबत फुटते, ती पश्चिम आफ्रिकेतील गिनीच्या किनाऱ्यावरून गुलाम आणण्यासाठीच निघालेली असते. त्याची श्रीमंतीही बेटावरच्या घामातून आलेली नाही. तो परततो तेव्हा मळ्याच्या उत्पन्नातून ५,००० पौंडांहून अधिक रोकड आणि वर्षाला १,००० पौंडांहून अधिक देणारी मिळकत त्याच्या हाती पडते. तो एकेक फळी तासत होता त्या काळात ब्राझीलमध्ये दुसऱ्यांचे, बरेचसे गुलामांचे, हात राबत होते.

फ्रेंच विचारवंत रूसोने 'एमील' या शिक्षणविषयक ग्रंथात (१७६२) मुलाच्या हाती पहिले हेच पुस्तक द्यावे असे म्हटले. वस्तूची किंमत उपयोगावरून ठरवायला ते शिकवते, हा त्याचा मुद्दा. कार्ल मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात (१८६७) अर्थशास्त्रज्ञांच्या क्रूसो-प्रेमाची थट्टा केली आणि अस्सल इंग्रजाप्रमाणे हिशेब मांडणाऱ्या क्रूसोच्या हाती घड्याळही दिले. कादंबरीत गलबतावरून आणलेल्या सामानात ते आढळत नाही. समीक्षक इअन वॉट (१९५७) यांनी क्रूसोला 'आर्थिक मानवा'चा, म्हणजे प्रत्येक निर्णय नफ्यातोट्यावर घेणाऱ्या माणसाचा, नमुना ठरवले. मॅक्सिमिलियन नोव्हाक (१९६२) यांचा आक्षेप असा की, हिशेबी माणूस बापाने सांगितलेली सुखाची मध्यम स्थिती आणि नंतर चालता मळा सोडून समुद्रावर गेलाच नसता. जे. पॉल हंटर (१९६६) हे कादंबरीकडे पाप, पश्चात्ताप व उद्धार या क्रमाने जाणारी धार्मिक कथा म्हणून पाहतात. नोव्हाक यांचा आक्षेप वजनदार आहे; तथापि क्रूसो घर सोडतो भटकंतीच्या ओढीने आणि मळा सोडतो झटपट धनाच्या लोभाने, हा फरक त्यात पुरेसा उमटत नाही.

क्रूसोने बेटावर नरभक्षकांच्या तावडीतून सोडवून नोकर केलेला तरुण म्हणजे फ्रायडे; त्याची बाजू मूळ ग्रंथात जवळजवळ नाही. क्रूसो त्याला स्वतःचे नाव म्हणून 'मालक' हा शब्द शिकवतो. फ्रायडेचा बाप आणि एक स्पॅनिश माणूस येऊन मिळाल्यावर आपण प्रजेने श्रीमंत झालो, असे क्रूसो म्हणतो.

ऑगस्ट १७१९ मध्ये आलेल्या कादंबरीच्या दुसऱ्या भागात म्हातारा क्रूसो बंगालमध्ये एका इंग्रज व्यापाऱ्याशी भागीदारी करून पूर्वेकडे व्यापार करतो आणि चीन-सायबेरियामार्गे युरोपात परततो. हँबर्ग येथे माल विकल्यावर आपल्या वाट्याला ३,४७५ पौंड, १७ शिलिंग व ३ पेन्स आले, त्यांत बंगालमध्ये घेतलेले सुमारे ६०० पौंडांचे हिरे धरले आहेत, अशी त्याची नोंद आहे.