दडा कानाला, दुखणं नाकामागं

जानेवारीत परभणीकडं आगटीभोवती हुरडा खायला बसलं की चार माणसांत एक तरी कान चोळत असतो. "माझाच आवाज मला रांजणात बोलल्यासारखा येतोय," म्हणतो. हुरडा चावता चावता मध्येच टक्कन आवाज होतो, कान उघडतो आणि घडीभरानं पुन्हा मिटतो.

कान बिघडलेला नसतो. नाकामागून मधल्या कानापर्यंत साडेतीन सेंटिमीटरची एक नळी जाते, तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, चावताना क्षणभर उघडते आणि आत ताजी हवा सोडते. सर्दीच्या विषाणूनं तिचं अस्तर सुजलं की वाट बंद होते. आतली हवा हळूहळू शोषली जाते, पडदा आत ओढला जातो. झाला दडा. यावर घरोघरी लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडतात. पण अडचण पडद्याच्या पलीकडं, तेल अलीकडं! पडद्याला भोक असलं तर मात्र ते आत उतरून नवंच दुखणं लावतं.

दाढेचंही तसंच. गालामागच्या सायनसच्या, म्हणजे हाडातल्या पोकळीच्या, तळाला वरच्या दाढांची मुळं अगदी लागून असतात. सायनस सुजला की एका बाजूच्या दोन-तीन दाढा एकदम ठणकतात, खाली वाकलं की जास्तच. दाढ काढून घ्यायला निघालेल्यानं आधी नाक तपासून घ्यावं. आणि शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून लगेच अँटिबायोटिक नको. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो. दहा दिवस उलटूनही उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा उलटलं, तर जिवाणूंची शंका घ्यायची.

आता एक गंमत करून बघा. एका कानात बोट घाला आणि ओठ मिटून 'हंऽऽ' असा सूर धरा. आवाज बंद कानातच मोठा घुमतो. सर्दीच्या दड्यातही असंच होतं. पण एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं आणि 'हंऽऽ' चांगल्या कानात मोठं वाटलं, तर गोष्ट नळीची नसून आतल्या कानाची किंवा नसेची असू शकते. कधी सोबत शिट्टी वाजते, गरगरतं. हे क्वचितच होतं, पण लोक सर्दीचाच दडा समजून वाट बघत बसतात. आठवडी बाजाराला तालुक्याला जाईन तेव्हा दाखवीन, असं इथं चालत नाही. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जाऊन ऐकण्याची तपासणी करून घ्यायची. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच होतो.