सत्तरीतही नाडी 70 का राहते?

विशीत नाडी मिनिटाला 70 होती, सत्तरीतही 70 आहे; म्हणजे हृदय अजून तरुण आहे, असं अनेकांना वाटतं. पण हा आकडा इंजिन आणि ब्रेक मिळून ठरवतात, आणि वयानुसार दोन्ही ढिले पडतात.

इंजिन म्हणजे सायनस नोड, हृदयातला ठोका सुरू करणारा पेशींचा पुंजका. कीथ आणि फ्लॅक यांनी 1907 मध्ये तो शोधला. वरची महाशीर उजव्या कर्णिकेला मिळते तिथेच तो असतो. त्याच्या पेशी ठोक्यानंतरही स्वस्थ बसत नाहीत. आतला विद्युतदाब उणे 60 मिलिव्होल्टच्या आसपास उतरला की खास वाहिन्या उघडतात, सोडियम हळूहळू आत झिरपतं, शेवटी पेशीतल्या साठ्यातलं कॅल्शियमही हातभार लावतं. दाब उणे 40 च्या जवळ आला की पुढचा ठोका. ही चढण जितकी तीव्र, तितकी नाडी जलद. ॲड्रेनलिन चढण वाढवतं. ब्रेक म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नर्व्ह; तिचं ॲसिटिलकोलीन हे रसायन चढण कमी करतं, शिवाय पोटॅशियमला बाहेरची वाट मोकळी करून सुरुवातच खालून करायला लावतं.

वयानुसार नोडमध्ये तंतुमय ऊती वाढते, पेशी घटतात. ॲट्रोपिन आणि प्रोप्रॅनोलॉल ही औषधं देऊन नाडी मंदावणाऱ्या आणि वाढवणाऱ्या, दोन्ही नसांचा प्रभाव थांबवला, तर उरतो इंजिनाचा स्वतःचा वेग: सरासरी 118.1 वजा वयाची 0.57 पट. विशीत 107, सत्तरीत 78. म्हणजे विशीत ब्रेक 37 ठोके रोखून धरत होता, सत्तरीत जेमतेम 8.

वरचं टोकही, म्हणजे जोरदार श्रमात गाठता येणारी कमाल नाडी, खाली येतं. वाढत्या वयात रक्तात नॉरॲड्रेनलिन (ॲड्रेनलिनसारखंच नाडी वाढवणारं रसायन) उलट जास्त असतं, पण त्याचा संदेश घेणारे पेशींचे बीटा रिसेप्टर त्याला पूर्वीसारखे दाद देत नाहीत.

फरक जाणवतो तो उठून उभं राहताना. अर्धा लिटरहून अधिक रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. तरुण शरीर ब्रेक सोडून काही सेकंदांत नाडी वाढवतं. म्हातारपणी सोडायला ब्रेकच फारसा उरलेला नसतो. म्हणून चक्कर येत असेल तर 5 मिनिटं आडवं राहून, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब व नाडी मोजावी. वरचा दाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांना दाखवावं. औषधं सांगताना काचबिंदूचे थेंब विसरू नयेत: टिमोलॉल डोळ्यांतून रक्तात उतरून नाडी मंदावू शकतं.