समोरचा गप्प का आहे?

गुरुवारी पुण्यात कुठल्या ना कुठल्या भागात महावितरणची देखभाल-दुरुस्ती निघतेच. समजा, वाकडच्या एका सोसायटीत सकाळी दहाला लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी आहे, पण राउटर बंद. अख्खी बिल्डिंग एकदम मोबाइल डेटावर आली आणि हॉटस्पॉट रांगायला लागला. तिथे घरून काम करणाऱ्या एका टेस्टर मुलीने सॉफ्टवेअरचं नवीन बिल्ड तपासून दुपारी एकपर्यंत मेल टाकायचं कबूल केलेलं. एक वाजला तेव्हा स्टुटगार्टमधला तिचा सहकारी कामाला बसून थोडाच वेळ झाला होता. त्याने इनबॉक्स उघडला, काही नाही. मेसेज टाकला, उत्तर नाही. त्याच्या घरी लाइट कधी जातच नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे त्याला दिसलं ते एवढंच, की पुण्याची ती मुलगी आज पुन्हा गायब आहे.

यातला ‘पुन्हा’ महत्त्वाचा. मागच्या गुरुवारीही असंच झालं होतं, आणि दोनदा झालं की माणसं त्याला स्वभाव म्हणतात. दूर बसून एकत्र काम करणाऱ्यांमधला विश्वास तडकतो तो इथेच.

कॅथरीन क्रॅम्टन या अमेरिकन संशोधिकेने २००१ मध्ये नेमकी हीच गाठ उकलून दाखवली. वेगवेगळ्या देशांत बसून एकत्र प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या १३ टीम तिने अभ्यासल्या, त्यांचे मेल आणि चॅट वाचून काढले. भांडणं बहुतेक वेळा मतभेदांमुळे झालेली नव्हती. एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नव्हती आणि ती माहीत नाही हेही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून झाली होती. एखादा मेल दोघांना गेला, तिसऱ्याला गेलाच नाही. एखाद्या गावात सुट्टी होती. कोणी मेलमधल्या चार मुद्द्यांपैकी शेवटचा सर्वांत महत्त्वाचा मानला, वाचणाऱ्याने पहिला. आणि सर्वांत घातक ठरली ती शांतता. उत्तर न येण्याचा अर्थ ‘मान्य आहे’, ‘अजिबात मान्य नाही’, ‘मी गावाला गेलोय’, ‘मेल मिळालाच नाही’, ‘काय करायचं कळलं नाही’ यांपैकी काहीही असू शकतो. पण वाचणारा त्यातला एकच उचलतो, आणि बहुधा वाईटातला.

मानसशास्त्राला ही खोड जुनी माहीत आहे. आपल्याला उशीर झाला की आपण चांदणी चौकातल्या ट्रॅफिकला दोष देतो, दुसऱ्याला झाला की त्याच्या स्वभावाला. एका ऑफिसात बसलेलो असलो तर ही खोड आपोआप आवरली जाते, कारण ट्रॅफिक सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. दूरच्या माणसाची परिस्थिती दिसत नाही, दिसतो फक्त परिणाम. मग दोष माणसाच्या माथी जातो.

याचं अगदी बारीक रूप व्हिडिओ कॉलवर सापडतं. दोन माणसं बोलत असताना एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत किती वेळ जातो? २००९ मध्ये दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात तो सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भाषांमध्ये थोडाफार फरक पडला, पण सगळ्यांचा ठेका साधारण तोच. आता काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दूरच्या देशापर्यंतचा केबलचा मार्ग १५ हजार किलोमीटरचा धरला, तर जायलाच ७५ मिलिसेकंद आणि यायला तेवढेच. त्यावर राउटर, वायफाय, आवाजाचे डिजिटल तुकडे बांधणं-सोडवणं यांची भर. नेट जरा आजारी असलं तर हा विलंब सहज अर्ध्या-पाऊण सेकंदावर जातो. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये कॉलमध्ये मुद्दाम असा विलंब घालून पाहिला. लोकांनी लाइनला दोष दिला नाही. पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा, कमी मनमोकळा वाटतो, असं त्यांनी सांगितलं. रोजच्या छोट्या स्टँडअप मीटिंगमध्ये ‘तो जरा थंडच आहे’ असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याचा राउटर एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

इथे अनेक कंपन्यांचा ठरलेला उपाय म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ऑनलाइन अंताक्षरी. कॅमेरे चालू, निम्मे लोक म्यूटवर, एचआरची मुलगी एकटीच टाळ्या वाजवतेय. हा उपाय अगदीच निराधार नाही. ओळखपाळख नसलेल्या लोकांना काम सुरू होण्याआधी नुसत्या चॅटवर गप्पा मारू दिल्या, तरी नंतर त्यांना दिलेल्या, सहकार्य की दगा हे निवडायच्या खेळात ते एकमेकांशी बरंच जास्त सहकार्य करतात, असं प्रयोगात दिसलं आहे. पण गप्पांची पुण्याई किती दिवस पुरते?

सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लायडनर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस याचा माग काढला. वेगवेगळ्या खंडांतले, एकमेकांना कधीही न भेटलेले विद्यार्थी काही आठवडे फक्त संगणकावरून एकत्र काम करत होते. काही टीममध्ये पहिल्याच दिवशी विश्वास दिसला. काहीच माहीत नसताना माणसं समोरच्याला चांगला धरून चालली. तात्पुरत्या कामासाठी जमलेल्या गटांत असा झटपट विश्वास तयार होतो, हे १९९६ मध्ये मांडलं गेलं होतं. विमानातले कर्मचारी किंवा सिनेमाचं युनिट आठवा. पण हा विश्वास उधारीचा असतो. या अभ्यासात शेवटपर्यंत विश्वास राहिलेल्या टीमची लक्षणं वेगळी निघाली. त्यांचे मेल संख्येने जास्त असतीलच असं नाही, पण केव्हा येणार हे ठरलेलं असे. कोणी काही पाठवलं की उत्तर वेळेत येई, आणि ते ‘छान, मस्त’ एवढंच नसे. पाठवलेलं वाचून त्यात भर घातलेली असे. कोणी दोन दिवस नसणार असेल तर आधी सांगून जाई. सुरुवातीच्या घरगुती गप्पांवरच उभ्या राहिलेल्या टीमचा विश्वास मात्र पुढे टिकला नाही.

म्हणजे वाकडच्या त्या मुलीने अंताक्षरीत गाणं म्हटलं नाही तरी बिघडत नाही. ‘गुरुवारी दहा ते दोन आमच्याकडे वीज नसण्याची शक्यता आहे, त्यामुळे रिपोर्ट बुधवारी रात्रीच टाकते’ ही एक ओळ तिच्या कामाची.

समोरासमोर न भेटता विश्वास बसतो का, याची थेट तुलनाही झाली आहे. नॅथन बॉस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तिघातिघांच्या गटांना असा खेळ दिला, की सगळ्यांनी सहकार्य केलं तर सगळ्यांचा फायदा, पण एकट्याने दगा दिला तर त्याचा त्या क्षणापुरता जास्त फायदा. काही गट एका खोलीत, काही व्हिडिओवर, काही फोनवर, काही फक्त टाइप करून बोलणारे. टाइप करणारे सर्वांत मागे पडले. व्हिडिओ आणि फोनवाले शेवटी समोरासमोरच्यांच्या जवळपास पोहोचले, पण उशिरा. शिवाय त्यांचा विश्वास ठिसूळ होता. मध्येच कोणीतरी डाव साधून घेई. मला यातली गंमत वाटते ती फोनची. नुसता आवाज व्हिडिओच्या फारसा मागे राहिला नाही. ‘कॅमेरा चालू ठेवा’ हा दंडक घालणाऱ्या टीम लीडने हे वाचावं.

मग हजारभर माणसं, बहुतेक एकमेकांना अनोळखी, डझनभर देशांत पसरलेली असतील तर? याचं उत्तर पुणेकरांना गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारातच मिळेल. अवकाशात दूरवर घडणाऱ्या प्रचंड घटनांतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या संकेताचा अपेक्षित नमुना गोंगाटातून शोधून काढण्याच्या पद्धतीवर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पायाभूत काम केलं, आणि इथले शास्त्रज्ञ पुढे लायगो या, त्या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या यंत्रांच्या जागतिक गटात होते. या गटाने एक विचित्र करार केला होता: मोजक्या चार लोकांनी कोणालाही न सांगता यंत्रात खोटा संकेत घालायचा, बाकीच्यांना तो खरा समजून तपासू द्यायचा. सप्टेंबर २०१० मध्ये असा संकेत आला. लोक महिनोन्‌महिने राबले, शोधनिबंध लिहून तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियात, खरं काय ते लिहिलेलं बंद पाकीट उघडल्यावर कळलं की तो पेरलेला होता. दुसऱ्या कुठल्या ऑफिसात यावरून राजीनामे पडले असते. इथे तसं झालं नाही, कारण फसवणूक होऊ शकते हे सगळ्यांनी आधीच मिळून ठरवलेलं होतं.

१४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली असताना, खरा संकेत आला. तो सर्वांत आधी पाहिला जर्मनीत हॅनोव्हरला बसलेल्या मार्को ड्रागोने. त्याने शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला दाखवला आणि अमेरिकेतल्या नियंत्रण कक्षांना फोन लावले. लुइझियानात पहाटेचे पाच वाजत होते, तरी तिथे फोन उचलला गेला. पहिली शंका हीच होती, की हाही पेरलेला तर नाही? कोणी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून हो-नाही ठरवलं नाही. यंत्राच्या नोंदी तपासल्या, संबंधितांना विचारलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधावर हजाराहून अधिक नावं होती. (मधल्या काळात बातमी गुप्त ठेवायची होती; अफवा फुटल्याच, पण एवढ्या माणसांत तेवढं चालायचंच.)

अर्थात तपासणीच्या यादीत मावत नाही असाही विश्वासाचा एक भाग उरतो. १९९५ मध्ये मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांनी त्याचे तीन आधार सांगितले: समोरच्याला काम येतं का, तो शब्दाला जागतो का, आणि त्याला आपलं भलं हवं आहे का. पहिले दोन दुरूनही कळतात. कोड दिसतो, तारीख दिसते. तिसरा कळायला जागा फार थोड्या. माझ्या मते घड्याळ ही त्यातली मुख्य.

जर्मनीशी आपलं जमून जातं, कारण त्यांची सकाळ ही आपली दुपार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे नऊ म्हणजे मात्र उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ. आपण घड्याळं हलवत नाही, ते हलवतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर तोच कॉल आपोआप साडेदहाला जातो. कॅलेंडर ते निमूटपणे करून टाकतं. हिंजवडी, खराडीतल्या टीम वर्षानुवर्षे हे सोसत आल्या आहेत आणि त्याबद्दल क्लायंटला कोणी काही बोलत नाही. पण त्या आठवड्यात पलीकडून कोणी ‘यापुढे एक आड एक आठवडा आम्ही आमच्या पहाटे जोडले जातो’ असं म्हणालं, तर ते नाव इथे पक्कं लक्षात राहतं, आणि पुढच्या वेळी त्या माणसाचं उत्तर आलं नाही तर ‘असेल काहीतरी अडचण’ म्हणून पुण्यातले लोक वाट पाहतात.