ब्राउन्स कॅन्यन : वाइल्डर्नेस दर्जाचा लढा

ब्राउन्स कॅन्यन म्हणजे अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, ब्यूना व्हिस्टा आणि सलायडा या गावांच्या दरम्यान आर्कन्सॉ नदीने ग्रॅनाइटात कोरलेली घळई. नदी राफ्टिंगच्या गर्दीसाठी प्रसिद्ध असली, तरी वाइल्डर्नेस दर्जाची, म्हणजे कायद्याने राखलेले रान म्हणून संरक्षणाची, मागणी होती ती पूर्वेच्या डोंगराळ, रस्ते नसलेल्या भागासाठी.

हा दर्जा १९६४ च्या कायद्याने फक्त काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, देऊ शकते. क्षेत्र साधारणपणे किमान ५,००० एकर लागते. दर्जा मिळाला की मोटारी, यांत्रिक करवती, इतकेच नव्हे तर सायकलीही बंद होतात. पायी किंवा घोड्यावरून फिरणे, मासेमारी आणि शिकार यांना मात्र साधारणपणे मुभा असते. ‘शिकार बंद होणार’ हा गैरसमज अशा प्रत्येक प्रस्तावाच्या वाटेत येतो.

स्थानिक गटांचा बहुतेक वेळ सीमा आखण्यात जातो. प्रत्येक वाट चालून पाहायची, छायाचित्रे काढायची, आणि तो बांधून राखलेला रस्ता आहे की नुसत्या चाकोऱ्या, हे नोंदवायचे. एखादा जीपचा रस्ता आत शिरत असेल, तर सीमा मागे घ्यावी लागते किंवा तेवढी अरुंद पट्टी वगळावी लागते. नकाशावर ती चेरीच्या देठासारखी दिसते, म्हणून तिला ‘देठ’च म्हणतात. असे देठ वाढले की क्षेत्र कागदावर सलग राहते, पण गाड्यांचा आवाज पार आतपर्यंत पोचतो.

ब्राउन्स कॅन्यनमधील ६,६१४ एकर आधीपासून वाइल्डर्नेस अभ्यासक्षेत्र होते. अशा जमिनीचे रानपण संसदेचा निर्णय होईपर्यंत बिघडू द्यायचे नाही, असा नियम आहे. निर्णयाला मात्र मुदत नाही. ‘फ्रेंड्स ऑफ ब्राउन्स कॅन्यन’ हा स्थानिक गट २००३ मध्ये उभा राहिला. रिपब्लिकन खासदार जोएल हेफ्ली यांनी २००५ मध्ये सुमारे २०,००० एकरांचे विधेयक आणले. शिकाऱ्यांच्या गाड्यांची वाट बंद होईल म्हणून नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेने विरोध केला आणि ते अडले. सिनेटर मार्क यूडॉल यांनी २०१३ मध्ये तडजोड मांडली : सुमारे २२,००० एकरांचे राष्ट्रीय स्मारक (इमारत नव्हे, तर संरक्षित सरकारी जमीन), त्यात १०,५०० एकर वाइल्डर्नेस. तीही संमत झाली नाही.

अखेर १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी १९०६ च्या पुरावशेष कायद्याखाली २१,५८६ एकर राष्ट्रीय स्मारक घोषित केले. स्मारकाला संसदेची गरज नसते, पण त्याने वाइल्डर्नेस दर्जा मिळत नाही. घोषणेने नदीच्या पाण्यावरही हक्क राखून ठेवला नाही. राफ्टिंगसाठी १ जुलै ते १५ ऑगस्ट सेकंदाला ७०० घनफूट प्रवाह राखण्याचा प्रयत्न होतो, तो आजही जलसाठे चालवणाऱ्यांशी झालेल्या ऐच्छिक करारावर.