स्टोव्ह, फर्नेस आणि गार पडणाऱ्या खोल्या : पार्श्वभूमी

बैठकीच्या खोलीत लाकडाचा स्टोव्ह आणि तळघरात फर्नेस (नळांतून घरभर गरम हवा पुरवणारी भट्टी) अशी जोडी असलेल्या उत्तर अमेरिकेतल्या घरांची तक्रार ठरलेली असते. स्टोव्हजवळ स्वेटर काढावा लागतो आणि टोकाच्या बेडरूममध्ये दोन रजया पुरत नाहीत. पण ही तक्रार वाटते तितकी जुनी नाही. घरभर सारखे तापमान असावे ही अपेक्षाच मुळात फर्नेससोबत आली. त्याआधी जिथे आग तिथे माणसे, असा सरळ व्यवहार होता आणि झोपायच्या खोल्या थंड असणार हे गृहीतच होते. फार तर स्टोव्हच्या वर छतात बिडाची जाळी बसवून वरच्या खोलीत थोडी ऊब सोडत. जुन्या घरांत अशा जाळ्या अजून दिसतात. आग लागली तर धूरही त्याच वाटेने वर चढतो, म्हणून आता अशा ठिकाणी उष्णतेने कडी वितळली की आपोआप मिटणारी झडप बसवतात.

सुरुवातीच्या कोळशाच्या फर्नेसला पंखा नव्हता. गरम हवा जाडजूड नळांतून आपसूक वर जाई, गार हवा परतीच्या नळाने खाली उतरे. १९३० च्या दशकात विजेचा पंखा आला, नळ सडपातळ झाले आणि फर्नेसपासून लांबच्या खोलीतही गरम हवा ढकलता येऊ लागली. पुढे कोळशाची जागा तेलाने आणि गॅसने घेतली. स्टोव्ह बहुतेक घरांतून हद्दपार झाला, आणि घरे बांधणाऱ्यांनीही त्याचा विचार सोडला.

खरा गुंता सुरू झाला १९७३ च्या तेलसंकटाने. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला आणि लोकांनी पुन्हा लाकडाचे स्टोव्ह घेतले. मात्र ते बसवले फर्नेससाठी आखलेल्या घरांत: लांबलचक, एकमजली, पॅसेजच्या दोन्ही बाजूंना खोल्या. त्यात थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचे तापमान पाहून फर्नेस चालू-बंद करणारे उपकरण, बहुधा बैठकीच्या खोलीत किंवा तिच्या तोंडाशीच. स्टोव्ह पेटला की थर्मोस्टॅटचे समाधान होते, फर्नेस बंद राहते आणि मागच्या खोल्या गारठतात. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीतले पाण्याचे नळ गोठण्यापर्यंत पाळी येते.

मागच्या खोल्यांनाही ऊब मिळेल या आशेने अनेकांनी गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह घेतला. मग पुढची खोली भाजून निघू लागली, म्हणून त्याची हवा कोंडून ठेवायची. कोंडलेल्या हवेत लाकूड जळत नाही, धुमसते. धुराड्यात क्रिओसोटचे (धुरातून साचणाऱ्या, पेट घेणाऱ्या डांबरासारख्या पदार्थाचे) थर जमून आगी लागल्या, वस्त्यांवर धूर साचला. १९८८ मध्ये अमेरिकेत नव्या स्टोव्हच्या धुरावर केंद्रीय मर्यादा आली, आणि १९९० पासून ती अशी झाली: धूर जाळायला मदत करणारा उत्प्रेरक असलेल्या स्टोव्हला तासाला ४.१ ग्रॅम कण, नसलेल्याला ७.५. २०२० पासून ती २ ग्रॅमवर आली. धुराच्या या इतिहासात असमान तापमानाचा वाटा किती, हे क्वचितच सांगितले जाते.

सगळ्यात लांबलेला वाद मात्र फर्नेसच्या पंख्याचा. बर्नर बंद ठेवून नुसता पंखा चालू ठेवला तर स्टोव्हची उष्णता घरभर जाईल, ही कल्पना तेलसंकटाच्या काळापासून चालत आली आहे, आणि कागदावर ती बिनतोड दिसते. हिशेब केला की उतरते. समजा, स्टोव्हच्या खोलीत २७ अंश सेल्सिअस आणि इतर चार खोल्यांत १६ अंश आहे, आणि पाचही खोल्यांतून सारखीच हवा परत येते. मिसळलेली हवा भरते जेमतेम १८.२ अंश. ती थंड तळघरातल्या, आवरण नसलेल्या डक्टमधून (हवेच्या नळांतून) जाताना आणखी उतरते आणि जाळीतून अंगावर येते ती गार झुळूक म्हणून. वर जुन्या धाटणीच्या मोटरचा पंखा सुमारे ४०० ते ५०० वॅट खातो. नव्या मोटरने हा खर्च बराच खाली आणला, पण हवेचे गणित तेच राहिले.

यावर उपाय म्हणून परतीची जाळी (जिच्यातून खोलीतली हवा फर्नेसकडे ओढली जाते ती) थेट स्टोव्हच्या वर बसवावी असे म्हणणारे आहेत. इथे बांधकामाचे नियम आडवे येतात. बऱ्याच ठिकाणी उघड्या ज्वलनकक्षापासून १० फुटांच्या आत परतीची जाळी चालत नाही, कारण पंख्याच्या ओढीने धुराड्याचा प्रवाह उलटून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. काचेचे दार घट्ट मिटणारा स्टोव्ह ‘उघडा’ धरायचा का, यावर बसवणारे आणि तपासनीस आजही घासाघीस करतात. लाकूड घालायला दार उघडावेच लागते, त्यामुळे इथे तपासनिसांचे पारडे जड वाटते.

यापेक्षा स्वस्त तोडगा पंख्याची दिशा बदलण्याचा आहे. गरम हवा खोलीबाहेर ढकलण्याऐवजी पॅसेजमध्ये जमिनीवर लहान पंखा ठेवून गार हवा स्टोव्हकडे सोडायची. ती जड असल्याने सहज सरकते आणि तिची जागा घ्यायला गरम हवा दाराच्या वरच्या भागातून बाहेर पडते. दाराच्या चौकटीला वर रिबन चिकटवली तर ती बाहेरच्या दिशेने हलताना दिसते. बेडरूमचे दार बंद असेल तर अर्थात यातले काहीच होत नाही.

अलीकडचे थर्मोस्टॅट दुसऱ्या खोलीतल्या संवेदकाचे तापमान धरून फर्नेस चालवू शकतात, म्हणजे हुकूम बेडरूमचा चालतो. पण डक्टमध्ये खोलीनिहाय झडपा नसतील तर फर्नेसची गरम हवा आधीच तापलेल्या बैठकीतही जाते. आता फर्नेसऐवजी प्रत्येक खोलीत हीट पंपचे (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणाऱ्या यंत्राचे) वेगळे युनिट लावण्याकडे कल वाढतो आहे. तिथे स्टोव्ह त्याच्या खोलीपुरता उरतो.