पुण्याच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉकिंगचं गणित

प्रोसेसरच्या खोक्यावर जो वेग छापलेला असतो, तो कंपनीनं हात राखून ठरवलेला असतो. त्या मॉडेलच्या सगळ्यात कमकुवत चिपलाही तो काही वर्षं झेपला पाहिजे, हा हिशोब. ही शिल्लक वापरून घेणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली इंटेलच्या ३०० मेगाहर्ट्झच्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरची बस (त्याला बाकी संगणकाशी जोडणारा मार्ग) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तो बहुतेक वेळा ४५० वर निमूट पळायचा. तशी चंगळ आता नाही. आजचे प्रोसेसर गरज पडली की आपणहून वेग चढवतात, आपल्या हाती उरतात ते फार तर पाच-दहा टक्के. त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून या फंदात पडू नये. हौस असेल तर जरूर पडावं.

प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालतो तेव्हा त्याच्या घड्याळाच्या दोन ठोक्यांमध्ये ०.२ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. त्या अवधीत सिग्नलला ट्रान्झिस्टरांची अख्खी रांग पार करायची असते. ढोल-ताशा पथकात ताशानं लय फारच चढवली की मागच्या रांगेतला एखादा ढोल मागे पडतो, तसा एखादा सिग्नल उशिरा पोचतो. मग हिशोब चुकतो, निळा स्क्रीन येतो.

यावर उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणं. त्यानं ट्रान्झिस्टर लवकर उघडमीट करतात. मेख इथंच आहे. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा ४.५ चे ४.९ गिगाहर्ट्झ केले आणि त्यासाठी १.२० चे १.३२ व्होल्ट. वेग वाढला ९ टक्के, उष्णता ३२ टक्के!

आता यात पुण्याचा उन्हाळा मिळवा. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मूळ सेटिंगवर पूर्ण भार असताना तो खोलीपेक्षा ५० अंशांनी तापत असेल, तर आता ६६ अंशांनी तापेल. जानेवारीत खोली २२ अंशांवर असते, म्हणजे ८८, चालून जाईल. एप्रिलच्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३६ अंश झाले की बेरीज १०२. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांना आणि एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ ला स्वतःच वेग उतरवतात. थोडक्यात, एवढा खटाटोप करून संगणक आधीपेक्षा फारसा पळत नाही, नुसता तापतो. (पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून इथली हवा मुंबईपेक्षा किंचित विरळ, पण पंख्याच्या जाळीतली धूळ त्याहून कितीतरी जास्त नडते.) म्हणून माझं मत: चाचणी वैशाखातच घ्यावी, भर दुपारी, एसी बंद ठेवून.

पहिल्यांदा करताना आधी चिप आणि मदरबोर्ड दोन्हींत सोय आहे का ते बघा. इंटेलमध्ये साधारणपणे नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' चिपसेटचा मदरबोर्ड लागतो. रायझन बहुतेक खुले असतात, पण 'ए' मालिकेच्या स्वस्त बोर्डावर जमत नाही. वॉरंटीच्या अटीही वाचून घ्या. बॅकअप घ्या, मूळ सेटिंगचं तापमान लिहून ठेवा. मग बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडायची मदरबोर्डाची सेटिंगं) व्होल्टेज 'ऑटो'वरून काढून स्वतः ठरवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ऑटोवर बरेच बोर्ड गुपचूप नको तितकं व्होल्टेज देतात. त्यानंतर मल्टिप्लायर (मूळ ठोक्याला ज्या आकड्यानं गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) एकेक पायरी वाढवायचा आणि दर पायरीला सिनेबेंच हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवून तापमान बघायचं. ८५ च्या आत राहिलं तर उत्तम. संगणक सुरूच झाला नाही तर सीमॉस (बायोसची सेटिंगं साठवणारी मेमरी) क्लिअर केलं की सगळं मूळपदावर येतं.

जास्तीच्या व्होल्टेजनं झालेली झीज मात्र अशी पुसता येत नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना ओव्हरक्लॉक न करताही ती भोवली. २०२४ मध्ये कंपनीला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बदलून व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टच्या आत आणावी लागली, वॉरंटीही २ वर्षांनी वाढवावी लागली.

शेवटच्या पायरीवर प्राइम९५ हा आणखी कडक चाचणीचा प्रोग्रॅम रात्रभर चालू द्या. सकाळी संगणक सुरू दिसला तरी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (चुका आणि घडामोडींची नोंदवही) उघडाच. तिथं 'डब्ल्यूएचईए-लॉगर'च्या नावानं इशारे जमले असतील, तर चिप चुका करून त्या स्वतःच निस्तरते आहे. मल्टिप्लायर एक पायरी खाली आणा.